ड्रॅगन मारायला निघालेला हिरो मध्येच झोपतो का? फँटसी गेममधल्या 'रेस्ट'चं सगळं गणित

कल्पना करा. चार जणांची टोळी एका पडक्या किल्ल्याच्या तळघरात उतरलीये. खाली कुठंतरी गावातली पळवून आणलेली पोरं कोंडून ठेवलीयेत. पहिल्याच खोलीत सहा गॉब्लिन भेटतात. मारामारी होते, गॉब्लिन संपतात. आणि मग टोळीतला विझार्ड म्हणतो, "माझे मोठे मंत्र संपले. आता आठ तास झोपूया."

गेममध्ये तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजलेले असतात.

झालं. टेबलाभोवती लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "अरे, पोरं खाली अडकलीत आणि तुला झोप सुचतेय?" दुसरा म्हणतो, "मंत्राशिवाय खाली गेलो तर आपणच मरू, मग पोरांना कोण सोडवणार?" आणि गेम चालवणारा माणूस डोक्याला हात लावून बसतो. कारण दोघांचंही बरोबर असतं.

फँटसी रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये हे भांडण कधी ना कधी होतंच. तलवारबाजीचे नियम सगळे आवडीनं वाचतात, झोपेचे नियम कुणी वाचत नाही. पण गेम चुरशीचा होणार की रटाळ, आणि टेबलावरच्या कुणाच्या कॅरेक्टरला भाव मिळणार, हे बऱ्याचदा झोपेच्या नियमांवर ठरतं.

कसं? ते सविस्तर बघू.

आधी बेसिक समजून घेऊ

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव तुम्ही 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळं ऐकलं असेल. तळघरात बसून ती पोरं खेळत असतात तोच हा गेम. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. एक जण 'डंजन मास्टर' होतो, तो गोष्ट सांगतो आणि राक्षस चालवतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. कुणी तलवारवाला फायटर, कुणी मंत्र टाकणारा विझार्ड, कुणी जखमा बऱ्या करणारा क्लेरिक. काय घडलं हे फासे टाकून ठरतं.

प्रत्येक कॅरेक्टरकडं दोन प्रकारची शिल्लक असते. एक म्हणजे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल. दुसरी म्हणजे मंत्र आणि खास डाव, जे मोजून मापून मिळतात. लढाईत ही शिल्लक खर्च होते. आणि ती परत भरायची मुख्य जागा म्हणजे झोप.

मोबाईलच्या बॅटरीसारखं समजा. चार्जर कधी, कुठं आणि किती वेळ मिळणार, यावर तुम्ही फोन कसा वापरता ते ठरतं ना? इथंही तेच आहे.

विझार्डला झोप लागतेच का? याचं उत्तर एका कादंबरीकारापाशी आहे

जॅक व्हान्स नावाचा अमेरिकन लेखक होता. १९५० साली त्याचं 'द डाइंग अर्थ' नावाचं पुस्तक आलं. त्यातल्या जादूगारांची एक अडचण असते. मंत्र इतके अवघड असतात, की एका वेळी मोजकेच डोक्यात मावतात. आणि एकदा मंत्र वापरला, की तो डोक्यातून पुसला जातो. परत वापरायचा तर परत पाठ करा.

गायगॅक्सला ही कल्पना फार आवडली आणि त्यानं ती उचलून गेममध्ये टाकली. या गेममध्ये वेक्ना नावाचा एक बदमाश आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमधल्या व्हिलनला त्या पोरांनी त्याचंच नाव दिलं. हे वेक्ना नाव म्हणजे व्हान्स या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट आहे.

आता पाठांतराला ताजं डोकं लागतं, आणि ताज्या डोक्याला झोप लागते. म्हणून जुन्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत नियम असा होता की पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या मंत्रांसाठी आधी ४ तास विश्रांती पाहिजे, आणि नवव्या पातळीच्या मंत्रांसाठी १२ तास. त्यानंतर मंत्राच्या प्रत्येक पातळीमागं १५ मिनिटं पाठांतर. म्हणजे मोठ्या जादूगाराचे सगळे मंत्र संपले, तर ते परत भरायला दिवसच्या दिवस जायचे.

चार आठवड्यांपासून आठ तासांपर्यंत

जखमांचं गणित तर याहून कडक होतं. १९७९ च्या नियमपुस्तकात एका दिवसाच्या विश्रांतीला १ हिट पॉइंट मिळायचा. कितीही मार खाल्लेला असला, तरी सलग चार आठवडे पडून राहिलं की माणूस ठणठणीत. म्हणजे मोठी लढाई झाली की महिनाभर गावात मुक्काम. क्लेरिकला इतका भाव होता तो यामुळंच.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. रात्रभराच्या झोपेनं कॅरेक्टरच्या लेव्हलइतके हिट पॉइंट परत यायला लागले. पाचव्या लेव्हलचा असाल तर ५. दिवसभर अंथरुणात पडून राहिलात तर त्याहून जास्त.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनं सगळंच सैल केलं. ५ मिनिटांची छोटी विश्रांती, ६ तासांची मोठी. मोठ्या विश्रांतीनंतर सगळे हिट पॉइंट परत.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेले आकडे आले. शॉर्ट रेस्ट म्हणजे किमान १ तास. लाँग रेस्ट म्हणजे किमान ८ तास. लाँग रेस्टनंतर सगळे हिट पॉइंट आणि सगळे मंत्र परत. पण २४ तासांत एकाच लाँग रेस्टचा फायदा मिळणार. २०२४ च्या सुधारित नियमांत हीच अट जरा वेगळी मांडलीये, एक लाँग रेस्ट संपल्यावर दुसरी सुरू करायला १६ तास थांबायचं.

म्हणजे पंचेचाळीस वर्षांत चार आठवड्यांचं काम एका रात्रीवर आलं. का? कारण महिनाभर अंथरुणात पडलेल्या हिरोची गोष्ट सांगायला कुणालाच मजा येत नाही. पण रेस्ट स्वस्त झाली आणि एक नवीन दुखणं सुरू झालं.

खरी भानगड : पंधरा मिनिटांचा दिवस

सुरुवातीचं सव्वादहाचं उदाहरण आठवा. एक लढाई, सगळे मंत्र खर्च, झोप. दुसऱ्या दिवशी परत एक लढाई, सगळे मंत्र खर्च, झोप. याला खेळाडूंच्या भाषेत 'पंधरा मिनिटांचा दिवस' म्हणतात. दिवसातली पंधरा मिनिटं काम आणि उरलेला वेळ आराम.

यात बिघडतं काय, ते आकड्यांतून बघू. २०१४ चे नियम आणि पाचव्या लेव्हलची टोळी धरू.

विझार्डकडं दिवसाला मंत्रांच्या एकूण ९ जागा असतात. ४ पहिल्या पातळीच्या, ३ दुसऱ्या आणि २ तिसऱ्या पातळीच्या. तिसऱ्या पातळीतच तो प्रसिद्ध 'फायरबॉल' येतो. सहा बाजूंचे ८ फासे टाकायचे, सरासरी नुकसान २८. विझार्डच्या बहुतेक जागा लाँग रेस्टशिवाय परत येत नाहीत.

वॉरलॉक हा दुसऱ्या प्रकारचा जादूगार. त्याच्याकडं जागा फक्त २. पण दोन्ही तिसऱ्या पातळीच्या, आणि तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर त्या परत भरतात.

आता दिवसात एकच लढाई झाली, तर विझार्ड ९ मंत्र घेऊन येतो आणि वॉरलॉक २. विझार्ड लढाईभर आतषबाजी करतो, वॉरलॉक दोन मोठे मंत्र टाकून उरलेली लढाई किरकोळ मंत्रांवर काढतो. पण दिवसात सहा लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट झाल्या, तर वॉरलॉकला तिसऱ्या पातळीचे एकूण ६ मंत्र मिळतात. विझार्डला मात्र आपले ९ सहा लढायांत पुरवून वापरावे लागतात. आता दोघांचं पारडं सारखं होतं.

फायटरचंही तसंच आहे. एका फेरीत जादा वार करायचा त्याचा खास डाव शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतो. शिवाय प्रत्येक कॅरेक्टरकडं 'हिट डाइस' असतात, ते शॉर्ट रेस्टमध्ये खर्च करून जखमा भरता येतात. पाचव्या लेव्हलच्या मध्यम धडधाकट फायटरचे हिट पॉइंट साधारण ४४. त्याच्या ५ हिट डाइसमधून सरासरी ३७ च्या आसपास परत मिळतात. म्हणजे त्याच्याकडं जवळपास दुसरा जीव राखीव असतो. पण शॉर्ट रेस्ट झालीच नाही, तर तो राखीव जीव तसाच पडून राहतो.

२०१४ च्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढायांचा आणि साधारण दोन शॉर्ट रेस्टचा अंदाज दिलाय. सगळा तोल या अंदाजावर बेतलेला होता. आता चार मित्र आठवड्यातून एकदा तीन तास भेटणार. तेवढ्यात दोन लढाया झाल्या तरी खूप. मग गेममधला 'दिवस'ही दोन लढायांत संपवला जातो, आणि फायटर-वॉरलॉकवाले मित्र हळूहळू मोबाईल बघायला लागतात.

झोपेच्या नियमांची मेख ती हीच. दिवस छोटा झाला की विझार्ड हिरो. दिवस लांबला की बाकीचे हिरो. डंजन मास्टर ज्या क्षणी "झोपा" म्हणतो, त्या क्षणी तो कुणाच्या तरी पारड्यात वजन टाकत असतो.

झोपच न घेणारा जादूगार

आता याच्या एकदम उलटी गंमत. इंटरनेटवर 'कॉफीलॉक' नावाचा एक प्रकार फार गाजला.

त्यात कॅरेक्टर अर्धा वॉरलॉक आणि अर्धा सॉर्सरर करायचा. वॉरलॉकचे मंत्र शॉर्ट रेस्टला परत येतात. सॉर्सररला मंत्रांच्या जागा मोडून पॉइंट करता येतात आणि पॉइंट जोडून परत जागा करता येतात. मग काय, वॉरलॉकच्या जागा मोडा, सॉर्सररच्या जागा बनवा, तासभर बसा, परत तेच. या बनवलेल्या जागा लाँग रेस्ट घेतली की नाहीशा होतात. म्हणून लाँग रेस्ट घ्यायचीच नाही! रात्रभर जागून शॉर्ट रेस्टवर शॉर्ट रेस्ट. म्हणून नाव कॉफीलॉक.

२०१७ च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुस्तकात न झोपणाऱ्यांसाठी एक पर्यायी नियम आला. लाँग रेस्टशिवाय २४ तास काढले की शरीराची परीक्षा. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पाहिजेत. पुढच्या प्रत्येक २४ तासांना हा आकडा ५ नं वाढतो, १५, २०, २५ असा. नापास झालात की थकव्याची एक पायरी. सहाव्या पायरीवर मृत्यू.

हिशोब करून बघा. ज्याला शरीराचा काहीच बोनस नाही, असा माणूस पहिले तीन दिवस नशिबानं पास झाला तरी चौथ्या दिवशी २५ पाहिजेत, आणि फाशावर २० च्या वर आकडाच नाही. तिथून रोज एक पायरी. म्हणजे नवव्या दिवशी खेळ खल्लास.

गंमत म्हणजे खरा माणूस याहून चिवट निघालाय. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रयोगासाठी २६४ तास, म्हणजे पूर्ण अकरा दिवस जागा राहिला होता. साल १९६३ संपून १९६४ सुरू होतानाचं. तो जगला, पण त्या काळात त्याची चिडचिड, विसरभोळेपणा आणि भलतंच काहीतरी दिसणं हे सगळं झालं. (घरी करून बघू नका.)

डंजन मास्टरला यातून एक चांगली युक्ती मिळते. झोप न मिळालेल्या कॅरेक्टरचे फक्त आकडे कमी करू नका. त्याला सावली हललेली दिसू द्या, सोबत्याचं नाव चुकू द्या. खेळाडूला थकवा आकड्यापेक्षा असा जास्त जाणवतो.

पहाऱ्याचं गणित : चार जण असतील तरच सोपं

रात्री मुक्काम पडला की पहिला प्रश्न, पहारा कोण देणार?

२०१४ च्या नियमात ८ तासांच्या लाँग रेस्टमध्ये किमान ६ तास झोप पाहिजे. उरलेले २ तास बोलणं, जेवणं, वाचणं किंवा पहारा चालतो. चार जणांनी प्रत्येकी २ तास पहारा दिला की बरोबर ८ तास भरतात. कुणाचीही झोप मोडत नाही.

टोळी तिघांची असेल तर? तीन दुणे सहा. दोन तास पहाऱ्याविना. एक तर तेवढा धोका पत्करा, नाही तर मुक्काम लांबवा. पण तिघांत एक एल्फ असेल तर परत जमतं. एल्फ झोपत नाहीत, ४ तास ध्यान लावून बसतात आणि त्यांचं भागतं. एल्फचा ४ तास पहारा, बाकी दोघांचे २-२, झाले आठ. टोळीत एल्फ असला की बाकीचे निवांत झोपतात ते यामुळं.

अजून एक विसरला जाणारा मुद्दा म्हणजे चिलखत. मंत्रवाल्यांना त्याचं काही नसतं. पण जड चिलखत घालून झोपायचं का? तिसऱ्या आवृत्तीत तसं केलं की दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेलं असायचं. 'झॅनाथर्स'मधल्या पर्यायी नियमात चिलखतासकट झोपणाऱ्याला हिट डाइस फक्त एक चतुर्थांशच परत मिळतात. म्हणजे फायटरपुढं खरी निवड उभी राहते. नीट झोपायचं, की हल्ला झालाच तर तयार असायचं?

रात्री हल्ला करायचा की नाही?

१९८१ च्या 'बेसिक' आवृत्तीत डंजनमध्ये दर वीस मिनिटांनी सहा बाजूंचा फासा टाकायचा. १ पडला की भटकता राक्षस हजर. हा नियम आठ तासांच्या झोपेला जसाच्या तसा लावला तर २४ वेळा फासा पडतो. एकदाही १ न पडण्याची शक्यता सव्वा टक्का. म्हणजे डंजनमध्ये झोपणं हा जवळपास आत्मघात. खेळाडू बाहेर पडून, चालत गावात जाऊन झोपायचे. जाण्यायेण्यात वेळ जायचा, आत उरलेले राक्षस तयारीला लागायचे. न सांगता झोपेची किंमत वसूल व्हायची.

आज इतकं कडक कुणाला नको असतं. पण तोच फासा पहाऱ्याच्या प्रत्येक पाळीला एकदा, म्हणजे रात्रीत चारदा टाकून बघा. १ पडला की रात्री काहीतरी घडतं. मग गणित असं होतं :

- सहा बाजूंचा फासा : रात्री काहीतरी घडण्याची शक्यता साधारण ५२ टक्के
- बारा बाजूंचा फासा : साधारण २९ टक्के
- वीस बाजूंचा फासा : साधारण १९ टक्के

म्हणजे राक्षसांच्या अड्ड्यात सहाचा, रानात बाराचा, रस्त्यालगतच्या मुक्कामाला वीसचा. आणि गावातल्या खाणावळीत खाट भाड्यानं घेतली असेल तर फासाच नाही, तेवढ्याचेच तर पैसे दिलेत. हे खेळाडूंना आधीच सांगून टाका. मग हल्ला झाला तरी "तू मुद्दाम केलंस" असं कुणी म्हणणार नाही, आणि मुक्कामाची जागा निवडणं हाच खेळाचा भाग होतो.

आणि 'काहीतरी घडतं' म्हणजे दर वेळी हल्लाच नाही. लांब कुठंतरी मशाली हलताना दिसतात. वाट चुकलेला फेरीवाला आगोटीपाशी येतो. पळून आलेला एखादा गॉब्लिन जेवण मागतो. खरा रात्रीचा हल्ला राखून ठेवा. महाभारतात अठरा दिवसांचं युद्ध संपल्यावर सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरतो. तो प्रसंग इतका अंगावर येतो, कारण तो एकदाच घडतो आणि आता सगळं संपलं असं वाटत असताना घडतो. रोज रात्री हल्ला केलात तर खेळाडू चिलखतातच झोपायला शिकतील, बाकी काही नाही.

हल्ला झाल्यावर रेस्ट मोडते का, यावरही भांडणं होतात. २०१४ च्या नियमाचा सर्रास लावला जाणारा अर्थ असा की किमान तासभर चालणं-लढणं झालं तरच ती मोडते, त्यामुळं दोन मिनिटांच्या झटापटीनं काही बिघडत नाही. २०२४ च्या नियमात लढाई सुरू होणं, मार बसणं किंवा किरकोळ सोडून कुठलाही मंत्र टाकणं, यातलं काहीही झालं की व्यत्यय. मात्र परत झोपता येतं, फक्त प्रत्येक व्यत्ययामागं एक तास जादा. आपण कुठला नियम धरतोय ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

व्हिडिओ गेमवाल्यांनी हे कसं सोडवलं?

कम्प्युटरवर तर अडचण अजून मोठी. तिथं "किती वेळा झोपतोस?" असं विचारणारा माणूसच नसतो. त्यामुळं प्रत्येक गेमनं आपापली शक्कल लढवलीये.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये लाँग रेस्टला शिधा लागतो. नेहमीच्या पातळीवर ४०, टॅक्टिशियन पातळीवर ८०. दोन लाँग रेस्टच्या मध्ये शॉर्ट रेस्ट फक्त दोन. पण गंमत अशी, की सोबत्यांच्या कितीतरी गप्पा आणि प्रसंग मुक्कामातच घडतात. शिधा वाचवायच्या नादात झोपच न घेणारे खेळाडू गोष्टीचा मोठा भाग गमावून बसतात.

'डार्क सोल्स' (२०११) मध्ये शेकोटीपाशी बसलं की जीव भरतो, औषधाची बाटली भरते, आणि मारलेले बहुतेक शत्रूही परत जिवंत होतात. आराम मिळेल, पण रस्ता परत साफ करायचा.

'स्कायरिम' (२०११) उलटं करतो, झोपेची लालूच देतो. कुठंही झोपलात तर काही वेळ कौशल्यं ५ टक्के लवकर वाढतात. स्वतःच्या किंवा भाड्याच्या खाटेवर झोपलात तर १० टक्के.

'फायनल फँटसी १५' (२०१६) मध्ये दिवसभर कमावलेला अनुभव मुक्कामाला पोचल्यावरच खात्यात जमा होतो. भारी हॉटेलात उतरलात तर तो वाढवून मिळतो.

'द विचर ३' (२०१५) मध्ये गेराल्ट ध्यानाला बसला की जखमा भरतात. पण सगळ्यात अवघड दोन पातळ्यांवर ही सोय काढून घेतलीये.

आणि पोरांचा लाडका 'माइनक्राफ्ट'? तिथं तीन दिवस झोपला नाहीत, तर रात्री आकाशातून 'फँटम' येऊन टोचे मारतात. झोप टाळण्याची शिक्षा इतकी सरळ फार कमी गेम देतात.

या सगळ्यांत एक धागा सारखा आहे. विश्रांतीला किंमत पाहिजे, किंवा बक्षीस पाहिजे. फुकट आणि अमर्याद झोप कुणीच देत नाही.

मग तुमच्या टेबलावर काय कराल?

तुम्ही डंजन मास्टर असाल तर हे उपाय करून बघा. सगळे एकदम नकोत, एखाददुसरा पुरतो.

१. घड्याळ दिसू द्या. "पोरं अडकलीत" एवढं पुरत नाही. "परवा अमावस्येला बळी देणार आहेत" असं सांगा. आता प्रत्येक झोपेची किंमत एक रात्र आहे आणि रात्री दोनच आहेत. टेबलावर दोन नाणी ठेवा, झोपले की एक उचला. झोपायला मनाई नाही, पण निर्णय जड झाला.

२. शत्रूलाही रात्र मिळते. टोळी झोपली तेव्हा वाचलेले गॉब्लिन काय करतील? दाराला अडसर लावतील, मदत बोलावतील, नाही तर लूट घेऊन पळतील. दुसऱ्या दिवशीचं डंजन बदललेलं असू द्या.

३. तासांचे आकडे बदला. पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकातच एक पर्याय आहे. शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग रेस्ट ७ दिवसांची. महिनोन्‌महिने प्रवास चालणाऱ्या गोष्टीला हा पर्याय झकास बसतो. उलट धडाकेबाज गोष्ट हवी असेल तर शॉर्ट रेस्ट ५ मिनिटांची आणि लाँग रेस्ट तासाची, असाही पर्याय त्याच पुस्तकात दिलाय.

४. झोप आणि शिल्लक यांची गाठच सोडा. '१३थ एज' (२०१३) या गेमनं हे केलं. तिथं साधारण चार लढाया झाल्या की सगळं परत भरतं, मध्ये कितीही रात्री गेल्या तरी. त्याआधीच भरून हवं असेल तर टोळीचं मोहिमेत नुकसान होतं, शत्रू एक पाऊल पुढं जातो. आठवड्याला एकच लढाई जमणाऱ्या ग्रुपला हा नियम फार सोयीचा. दोन-तीन वेळा भेटून मिळून एक 'दिवस' करा.

५. शॉर्ट रेस्ट तुम्हीच सुचवा. बऱ्याच टोळ्यांत "तासभर बसूया" म्हणायची वॉरलॉकवाल्याला लाज वाटते, कारण गरज त्यालाच असते. "दार आतून लावलं तर ही खोली तासभर सुरक्षित वाटतेय" असं डंजन मास्टरनं नुसतं म्हटलं तरी काम होतं.

६. आगोटीला दोन मिनिटं द्या. प्रत्येक मुक्कामाला एकाच खेळाडूला एक प्रश्न विचारा. तुझ्या पाळीत तू काय करतोस? घरची कुठली गोष्ट आठवतेय? एकच उत्तर, मग सकाळ. लढाईत जे कळत नाही ते इथं कळतं.

आणि खेळाडू असाल तर एक साधी गोष्ट. झोपायचं म्हणण्याआधी बाकीच्यांना विचारा, "तुमच्याकडं किती शिल्लक आहे?" विझार्ड रिकामा झालाय, पण फायटर आणि वॉरलॉक पूर्ण भरलेले असू शकतात. पुढची लढाई त्यांची असू द्या.

सुरुवातीच्या त्या टोळीला सव्वादहा वाजता झोपू द्यायचं की नाही? झोपू द्या. फक्त दार लावताना एवढं सांगा, की ते उठतील तेव्हा संध्याकाळ झालेली असेल, खालची माणसं मशाली पेटवून जागी झालेली असतील, आणि सहा गॉब्लिन परत का आले नाहीत याचा शोध तोवर सुरू झालेला असेल. मग "झोपूया" असं पुन्हा कोण म्हणतंय ते बघा.